बुडालेलं शिक्षण आणि आपलं देणं



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला प्राथमिक शाळेवर बोलायला बोलावलंत, याचं मला थोडं नवल वाटलं. पण गेली काही वर्षं या विषयाने मला सोडलेलं नाही. त्याला एक घरगुती कारण आहे, तिथूनच सुरुवात करतो.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची मुलगी जून २०२० मध्ये पहिलीत गेली. गेली म्हणजे पटावर नाव आलं. शाळा मार्चपासूनच बंद होत्या. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर कामावर जायचा. मोठ्या भावाचे तास त्याच फोनवर. दुसरीही तशीच सरली. मधे डिसेंबर २०२१ मध्ये लहान मुलांचे वर्ग उघडले, जानेवारीत पुन्हा बंद झाले, मग पुन्हा उघडले. अशा रीतीने जून २०२२ मध्ये ती तिसरीत येऊन पोहोचली. तिची आई मला म्हणाली, "सर, जरा बघा ना हिच्याकडे. अक्षर छान आहे, पण वाचत नाही."

मी वही पाहिली. अक्षर खरोखरच सुरेख होतं. फळ्यावरचा उतारा तिने काना-मात्रेसकट उतरवून घेतला होता. म्हटलं, "वाच बघू." ती गप्प. बोट पहिल्या शब्दावर ठेवलं, तरी गप्प. तिने अक्षरं लिहिली नव्हती, काढली होती. आपण रांगोळी काढतो ना, तशी.

मी उत्साहाने शिकवायला बसलो. तिसरीचं पुस्तक घेतलं, धडा पहिला. तीन महिने मी तो धडा समजावून सांगत होतो, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी आमच्याच गल्लीतले, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी एकदा सहज येऊन बसले. पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "सर, रागावू नका. पोरगी पटावर तिसरीत आहे, वाचनात पहिलीच्या आधी आहे. पाया खचलाय आणि तुम्ही गिलावा करताय."

हे एक वाक्य मला फार उपयोगी पडलं. आजचं सगळं व्याख्यान म्हणजे त्याचाच विस्तार आहे असं समजा.

'नुकसान' म्हणजे नेमकं काय?

आमच्या विषयातली सवय अशी, की आधी शब्द तपासायचा. महामारीनंतर सगळीकडे 'अध्ययन ऱ्हास', 'शैक्षणिक नुकसान' असे शब्द आले. पण नुकसान एकाच प्रकारचं होतं का? मला तरी तीन प्रकार दिसतात.

पहिला, जे शिकलं होतं ते विसरलं. दुसरा, जे शिकायचं होतं ते शिकवलंच गेलं नाही. आणि तिसरा प्रकार सहज लक्षात येत नाही: पहिल्या दोन कारणांनी मूल मागे पडलं, वर्ग मात्र पुढे चालत राहिला, म्हणून शाळा सुरू झाल्यानंतरही ते रोज थोडं थोडं आणखी मागे पडत गेलं. पहिली दोन नुकसानं बंद शाळेत झाली. तिसरं उघड्या शाळेत होतं.

विसरण्याचं प्रमाण किती होतं? जानेवारी २०२१ मध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठाने पाच राज्यांतल्या ४४ जिल्ह्यांत, १,१३७ सरकारी शाळांतल्या १६,०६७ मुलांची पाहणी केली. दुसरी ते सहावीतल्या ९२ टक्के मुलांनी आधीच्या वर्षी असलेली किमान एक भाषिक क्षमता गमावलेली होती. गणितात हे प्रमाण ८२ टक्के होतं. महाराष्ट्र त्या पाच राज्यांत नव्हता, पण आपली मुलं काही वेगळ्या मातीची नाहीत. म्हणजे शिक्षण नुसतं थांबलं नव्हतं. गाडी उतारावर मागे सरकली होती.

आता 'विसरलं' या शब्दाकडे पुन्हा बघा. आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेत स्मृतीचा विचार फार बारकाईने केलेला आहे. अनुभव संपतो, पण मागे संस्कार ठेवून जातो. तो संस्कार आत पडून असतो. त्याला जागं करणारं काहीतरी, म्हणजे उद्बोधक, भेटलं की स्मृती होते. याचा अर्थ, आठवत नाही म्हणजे काही उरलंच नाही असं नव्हे. कदाचित संस्कार आहे, पण उद्बोधक नाही.

हे नुसतं शास्त्रार्थाचं बोलणं नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट तो पाठ करायचा, विसरायचा, आणि पुन्हा पाठ करायचा. त्याला असं आढळलं, की पूर्ण विसरलेली वाटणारी यादी दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. हा जो वेळ वाचतो, त्याला त्याने 'बचत' म्हटलं. चांगला शब्द आहे. विसरलेल्या मुलाच्या खात्यावरही थोडी बचत असते.

यातून शाळेसाठी एक सरळ निष्कर्ष निघतो. जे मूल २०२० मध्ये चौथीत होतं, वाचत होतं आणि नंतर अडखळू लागलं, त्याला सराव हवा, उजळणी हवी. ते लवकर रुळावर येईल. पण जे मूल २०२० मध्ये पहिलीत होतं, त्याच्या खात्यावर बचतच नाही. त्याला उजळणी देऊन काय होणार? उजळणी कशाची? त्याला पहिल्यापासून शिकवावं लागेल. दोघांनाही एकच पुस्तिका हातात दिली, तर एकाला ती कंटाळवाणी होईल आणि दुसऱ्याला अगम्य.

दोन ठिकाणच्या दोन गोष्टी

८ ऑक्टोबर २००५ रोजी पाकव्याप्त काश्मीर आणि लगतच्या भागात मोठा भूकंप झाला. शाळा पडल्या. मुलांचं शिक्षण सरासरी चौदा आठवडे बुडालं. नंतर मदत आली, घरं उभी राहिली, शाळा सुरू झाल्या. चार वर्षांनी ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनियल्स आणि जिष्णू दास या अभ्यासकांनी तिथल्या मुलांची चाचणी घेतली. भूकंपरेषेजवळची मुलं दूरच्या मुलांच्या मानाने दीड ते दोन इयत्तांइतकी मागे होती. चौदा आठवडे बुडाले, आणि तूट दीड-दोन वर्षांची! ही मी म्हटलं ती तिसरी जात. शाळा सुरू झाल्यावरही तूट वाढत गेली असली पाहिजे, एरवी हा हिशेब लागत नाही. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. ज्यांच्या आया निदान प्राथमिक शाळा पूर्ण केलेल्या होत्या, त्या मुलांत ही तूट नव्हती. घरात कोणीतरी बोट धरून मागे नेणारं होतं.

आता दुसरी गोष्ट, तमिळनाडूची. २०२१च्या अखेरीस तिथल्या सरकारने 'इल्लम तेडि कल्वि' ही योजना सुरू केली. अर्थ साधारण असा, की शिक्षण तुमच्या दारी. सुमारे दोन लाख स्वयंसेवक, बहुतेक स्त्रिया, आपल्याच वस्तीतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना शाळा सुटल्यावर तास-दीड तास शिकवू लागल्या. अभिजीत सिंग, मौरिसियो रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन यांनी तिथल्या गावांतल्या मुलांच्या चाचण्या महामारीच्या आधी, शाळा उघडताना आणि नंतर घेतल्या. शाळा उघडल्या तेव्हा तूट मोठी होती, भाषेपेक्षा गणितात जास्त. पण सहा महिन्यांत तिच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश भरून निघाली. या भरपाईतला साधारण चौथा हिस्सा त्या संध्याकाळच्या वर्गांमुळे होता. आणि या वर्गांना गरीब घरची मुलं अधिक येत होती.

एकीकडे तूट वाढत गेली, दुसरीकडे भरून निघाली. दोन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी, आपत्ती वेगळी, तुलना जपूनच केली पाहिजे. तरी मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. पहिल्या ठिकाणी मुलांना शाळेत परत आणलं आणि काम झालं असं समजलं गेलं. दुसऱ्या ठिकाणी, मूल कुठे आहे हे पाहून तिथे जाणारं कोणीतरी रोज संध्याकाळी हजर होतं.

मूल जिथे आहे तिथून

'मूल जिथे आहे तिथून सुरुवात करा' हे काही नवीन नाही. आपल्याकडे अरुंधती-न्याय आहे. लग्नात वधूला अरुंधतीचा तारा दाखवतात. तो बारीक, पटकन दिसत नाही. म्हणून आधी त्याच्या जवळचा मोठा तारा दाखवायचा. तो दिसला, की "आता त्याच्या शेजारी बघ". दिसणाऱ्याकडून न दिसणाऱ्याकडे. वेदान्ताच्या ग्रंथांत शिकवण्याची पद्धत म्हणून हा दृष्टान्त येतो. मी मात्र त्या मुलीला तीन महिने "अरुंधती बघ, अरुंधती बघ" म्हणत बसलो होतो.

प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला भूमितीचा प्रश्न घालतो. दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढायचा? मुलगा चुकतो, पुन्हा चुकतो, शेवटी उत्तरापर्यंत पोहोचतो. हा उतारा मी वर्गात किती वेळा शिकवला असेल! पण त्यातलं एक वाक्य माझ्या नजरेतून निसटलं होतं. सुरुवात करण्याआधी सॉक्रेटिस मेनोला विचारतो, या मुलाला ग्रीक येतं ना? ही पायाभूत चाचणी आहे, श्रोतेहो. एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण समोरच्याला भाषा येते की नाही हे गृहीत धरत नाही.

मग शाळा हे प्रत्यक्षात कसं करतात? त्या गुरुजींकडून आणि पुढे काही शाळांत जाऊन मी जे पाहिलं, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी चाचणीची. लेखी नव्हे, तोंडी. प्रत्येक मुलाला वेगळं बसवून एक कागद पुढे ठेवायचा. त्यावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट. मूल कुठवर जातं ते पाहायचं. एका मुलाला काही मिनिटं लागतात. लेखी परीक्षेत उतरवून काढणारी मुलगी पास होऊन जाते, इथे ती लगेच कळते. 'असर' या सर्वेक्षणात हाच कागद घेऊन कार्यकर्ते गावोगाव घरी जातात.

दुसरी पायरी गटांची. तिसरी, चौथी, पाचवीची मुलं दिवसातून तास-दीड तास इयत्ता विसरून बसतात. अक्षरांचा गट, शब्दांचा गट, परिच्छेदाचा गट. 'प्रथम' या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेने ही पद्धत रुजवली. तिच्या बालसखी कार्यक्रमाची मुंबई आणि बडोद्यात रीतसर चाचणी झाली, आणि ते काम करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं.

तिसरी पायरी हाताने करायच्या कामाची. हातच्याची वजाबाकी येत नसेल तर नियम पाठ करून घेण्यात अर्थ नाही. काड्या घ्यायच्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे. बावन्नातून सतरा काढायचे तर पाच गठ्ठ्यांतला एक सोडवावाच लागतो. 'हातचा घेतला' म्हणजे काय केलं, हे मुलाच्या बोटांना आधी कळतं. वाचनातही तसंच. 'मा', 'मी', 'मु' ही अक्षरं मूल ओळखतं, पण काना, वेलांटी आणि उकार यांचं काम त्याला कळलेलं नसतं. ते एकदा कळलं की सगळी बाराखडी एकदम मोकळी होते.

चौथी पायरी हलवण्याची, आणि तीच बहुधा राहून जाते. दर काही आठवड्यांनी पुन्हा पाहायचं, आणि पुढे गेलेल्या मुलाला पुढच्या गटात बसवायचं. हे केलं नाही, तर अक्षरांचा गट हा 'ढ' मुलांचा गट होतो. मुलं फार हुशार असतात, आपल्याला कुठे बसवलंय आणि का, हे त्यांना कळतं. गट ही प्रवासातली जागा असली पाहिजे, माणसाची जात नव्हे.

मग अडतं कुठे?

तुम्ही म्हणाल, इतकं सोपं आहे तर झालं का नाही? काही प्रयत्न झाले, ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजेत. २०२०-२१ आणि २०२१-२२ मध्ये आपल्या राज्याने पाठ्यक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी केला. १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. मागच्या इयत्तेतल्या महत्त्वाच्या क्षमता, रोजची कृतिपत्रिका आणि मधे तीन चाचण्या अशी त्याची रचना होती. रचना विचारपूर्वक केलेली होती. पण त्या वेळी बहुतेक शाळा बंदच होत्या, आणि सेतू फोनवरून पाठवला जात होता. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठीच पुलाची गरज जास्त, आणि पुलाचं टोक मात्र फोनवर. शिवाय सेतू एक इयत्ता मागे नेत होता. दोन-तीन इयत्ता मागे राहिलेल्या मुलाला तो काठावरून दिसायचा, पाय ठेवता यायचा नाही. आणि पाठ्यक्रम कमी करण्याने परीक्षेचं ओझं उतरतं, पण पाचवीचे चार धडे वगळले म्हणून पहिलीचं वाचन येत नाही.

खरी अडचण मला कायद्यातच सापडली. २००९चा शिक्षण हक्क कायदा, कलम २४. त्यात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. एक कर्तव्य असं, की ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करायचा. त्याच्या लगेच पुढचं असं, की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवायचं. दोन्ही कर्तव्यं योग्य. पण चाळीस मुलांच्या वर्गात, एकाच शिक्षकाकडून, एकाच दिवसात, ही दोन्ही कशी पार पडणार? जेव्हा दोन कर्तव्यांचा झगडा होतो, तेव्हा ज्याची तपासणी होते ते जिंकतं. धडे संपले की नाही हे वरचा अधिकारी विचारतो. अक्षरगटातली चार मुलं शब्दगटात गेली का, हे किती जण विचारतात? म्हणून मी शिक्षकांना दोष देत नाही. दोन मालकांच्या गाडीला जुंपलेला बैल आहे तो.

आणि जी मुलं शाळेत परतलीच नाहीत त्यांचं काय? कोणी ऊसतोडीला गेलं, कोणी टपरीवर लागलं, कोणा मुलीचं लग्न झालं. त्यांच्यासाठी गट पाडून उपयोग नाही, आधी दार ठोठावावं लागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाते, हे महाराष्ट्राला कुणी बाहेरून शिकवण्याची गरज नाही.

भरपाई कुठवर?

आता एक आकडेवारी सांगतो, आणि तीवरून एक प्रश्न विचारतो.

'असर'च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत, तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये पुन्हा २७.१. वर्तमानपत्रांनी लिहिलं, नुकसान भरून निघालं. आनंदाचीच गोष्ट आहे. वजाबाकीत तर २०१८ मध्ये २८.२ टक्के होते, ते २०२४ मध्ये ३३.७ झाले.

पण थांबा. २०२४ची तिसरी ही वेगळी मुलं आहेत. ती पहिलीत गेली तेव्हा शाळा सुरू झालेल्या होत्या. त्यांच्या आकड्यावरून ज्यांचं बुडालं त्यांचं भरून निघालं असं म्हणणं, म्हणजे थोरल्याचं दुखणं धाकट्याची नाडी बघून बरं झालं असं ठरवणं.

ज्यांचं बुडालं ती मुलं शोधायची तर २०२४च्या पाचवीत पाहिलं पाहिजे. २०२० मध्ये पहिलीत गेलेली हीच पिढी, आमच्या त्या मुलीची. पाचवीत दुसरीचा मजकूर वाचणारी मुलं २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, २०२४ मध्ये ४८.७. म्हणजे ही पिढीही जवळजवळ पोहोचली. शिक्षकांच्या आणि मुलांच्या कष्टांना हे श्रेय दिलंच पाहिजे.

आता प्रश्न. पोहोचली, पण कुठे? जिथे पाचवीतलं निम्मं मूल दुसरीचं पुस्तक वाचू शकत नाही, तिथे. 'भरपाई' हा शब्द इथे आपल्याला फसवतो. भरपाई म्हणजे पूर्ववत करणं. पण पूर्वीची स्थितीच जर अन्यायाची असेल, तर पूर्ववत करणं याला यश म्हणायचं का? महामारीने एक गोष्ट केली. जे दुखणं जुनंच होतं, ते तिने आपल्याला पाहायला लावलं. ताप उतरला म्हणून आपण वैद्याला निरोप देणार असू, तर जुना आजार तसाच राहील.

आज सरकारचा 'निपुण' कार्यक्रम तिसरीपर्यंतच्या पायाभूत वाचन-गणितावर भर देतो, आणि ते योग्यच आहे. पण २०२०ची पहिली २०२५ मध्ये सहावीत गेली. ती त्या कुंपणाबाहेर आहे. सहावीच्या शिक्षकाला वाचायला शिकवण्याचं प्रशिक्षण नसतं, त्याच्यापुढे विज्ञान आणि इतिहास असतो. अजूनही न वाचणारं मूल तिथे गप्प बसतं, व्यवस्थित उतरवून घेतं, आणि दोन-तीन वर्षांत निघून जातं. त्या गप्प बसण्याचा आवाज कुणालाही ऐकू येत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की ती तोंडी चाचणी आणि तो गटांचा तास सहावी ते आठवीतही हवा, निदान ही पिढी शाळेत आहे तोवर तरी.

देणं कोणाचं?

शेवटचा मुद्दा. आपण याला 'मदत' म्हणतो, 'उपक्रम' म्हणतो. मला वेगळा शब्द सुचतो: देणं.

शाळा कोणासाठी बंद होत्या? त्या आजाराचा सर्वांत कमी धोका लहान मुलांना होता, आणि सर्वांत जास्त माझ्यासारख्या सत्तरीला टेकलेल्यांना. मुलं शाळेत गेली असती, आजार घेऊन घरी आली असती, आणि आजी-आजोबांना लागला असता, ही भीती होती. ती खोटी नव्हती. तो निर्णय किती काळ बरोबर होता यावर वाद होऊ शकतो, मी आज त्यात शिरत नाही. पण निर्णय बरोबर होता असं धरलं, तरी एक गोष्ट उरतेच. आमच्या जिवाच्या रक्षणाची किंमत सात वर्षांच्या मुलांनी दिली, तीही त्यांना न विचारता.

आपल्या परंपरेत माणूस ऋण घेऊन जन्माला येतो. देवांचं, ऋषींचं, पितरांचं. सगळी ऋणं वरच्यांची, आधीच्यांची. पण इथे उलटं झालंय. मागच्या पिढीवर पुढच्या पिढीचं ऋण आहे. माझ्या वाचनात तरी याला शास्त्रात नाव सापडलं नाही. पण नाव नाही म्हणून देणं फिटत नाही.

आणि ते फेडायला फार काही लागत नाही. या सभागृहात माझ्या वयाची पन्नास-साठ माणसं तरी असतील. आपल्याला वाचता येतं, आणि वेळ आहे. जवळच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा, आठवड्यातून तीन दिवस एक तास मागून घ्या. एक सावधगिरी तेवढी बाळगा: भाषण करू नका. मी केलं होतं. मुलाला वाचायला सांगा, आणि ते कुठे अडतं ते ऐका. तिथून एक पाऊल मागे या, आणि तिथे बसा.

ती मुलगी आता सहावीत आहे. गुरुजींनी तिला पुन्हा अक्षरांपासून धरलं, आणि मी बाजूला बसून शिकलो. सात-आठ महिन्यांत ती गोष्ट वाचू लागली. आता ग्रंथालयातून पुस्तकं नेते. गणितात अजून ओढाताण आहे, अपूर्णांक आले की चेहरा पडतो. परवा म्हणाली, "आजोबा, तुम्हाला तरी नीट येतात का?" मी म्हटलं, "बघू या, काड्या आण."

आम्ही सध्या तिथे आहोत.